नाशिकमध्ये वेब डेव्हलपमेंट शिकण्यासाठी खासगी शिक्षक कसा निवडावा?

हिशेबनीस, सिडको

नमस्कार. मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान मशीनिंग कारखान्यात गेली नऊ वर्षे हिशेब सांभाळते. बी. कॉम. नंतर एमएस-सीआयटी केले, टॅली रोजच्या वापरात आहे आणि एक्सेलवर हात बसलेला आहे. प्रोग्रॅमिंग मात्र मी कधी केले नव्हते.

शिकण्यामागचे कारण सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपे जाईल. आमचा माल हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग आणि ग्राइंडिंगसाठी सातपूर व अंबडमधल्या निरनिराळ्या जॉबवर्कवाल्यांकडे जातो. दर वेळी डिलिव्हरी चलान निघते, पण माल तुकड्यातुकड्यांनी परत येतो. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार असा माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो, भांडवली वस्तू असतील तर तीन वर्षांच्या आत. तसे न झाल्यास ज्या दिवशी माल पाठवला त्याच दिवशी तो पुरवला असे धरून त्यावर कर लागतो. हा सगळा हिशेब आज एका एक्सेल फाइलमध्ये आहे. स्टोअरमधला माणूस आणि गेटवरचा माणूस ती एकाच वेळी उघडतात, एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीवर चढते, आणि कोणत्या चलानावर किती नग यायचे बाकी आहेत हे शोधण्यात माझे महिन्याचे दोन दिवस जातात. हे काम नीट करणारी एक लहानशी वेब प्रणाली मला स्वतः तयार करायची आहे.

गेल्या वर्षी शहरातल्या एका क्लासमध्ये मी नाव घातले होते. संपूर्ण फी आधीच घेतली गेली. वर्गात चाळीसच्या आसपास विद्यार्थी होते; शिक्षक प्रोजेक्टरवर कोड लिहीत आणि आम्ही तो उतरवून घेत असू. माझ्या संगणकावर तो चालला नाही तर ‘घरी करून बघा’ एवढेच उत्तर मिळे. तीन महिन्यांनी प्रमाणपत्र हातात आले, पण कोऱ्या फाइलपासून सुरुवात करून साधा फॉर्मही मला तयार करता येत नव्हता. दिवसभराचे काम, स्वयंपाक आणि मुलाचा अभ्यास सांभाळून मी तो वेळ काढला होता, त्यामुळे त्याचे फार वाईट वाटले.

आता एकट्याने, खासगी शिक्षकाकडे शिकावे असे ठरवले आहे. सायंकाळी सातनंतर किंवा रविवारी मला वेळ असतो आणि महिन्याला चार हजार रुपयांपर्यंत खर्च करता येईल. नाशिकमध्ये असा शिक्षक कोठे शोधावा, आणि मला स्वतःला विषय येत नसताना समोरच्याला तो येतो की नाही हे कसे ओळखावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

इंदिरानगरची विद्यार्थिनी

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला माझीच चार वर्षांपूर्वीची स्थिती आठवली. दोन लहान मुले घरात असताना मी खासगी शिक्षकाकडे शिकले आणि आज घरून वेबसाइटची कामे करते. तुम्ही शेवटी जे विचारले आहे, की आपल्याला विषय येत नसताना समोरच्याला कसे पारखावे, तोच खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मला योगायोगाने मिळाले.

शिकवणाऱ्याला किती येते हे तुम्हाला तपासता येणार नाही, परंतु तुमचा कोड चुकतो तेव्हा तो काय करतो हे तुम्हाला नक्की पाहता येईल. एचटीएमएल (पानाची रचना), सीएसएस (पानाचे रूप) आणि जावास्क्रिप्ट (पानाची हालचाल) यांची माहिती एमडीएन या संदर्भ-संकेतस्थळावर विनामूल्य आणि नेमकी मिळते. तेवढ्यासाठी शिक्षकाला पैसे देण्याचे कारण नाही. पैसे द्यायचे ते शेजारी बसून तुमची चूक तुमच्याकडूनच शोधून घेणाऱ्या माणसाला.

मी तीन जणांना भेटले. प्रत्येकाकडे मी एकच पान घेऊन गेले होते, ज्यातले बटण दाबल्यावर काहीच होत नव्हते. पहिल्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला, एक ओळ वरून उचलून खाली ठेवली आणि ‘झाले’ म्हणाले. बटण चालू लागले, पण ते का चालू लागले हे मला कळले नाही. दुसरे म्हणाले की हे सगळे सोडून द्या, आपण थेट जावास्क्रिप्टवर उभारलेल्या रिअ‍ॅक्टपासून सुरू करू. तिसऱ्या शिक्षिका होत्या. त्यांनी मला ब्राउझरमधला कन्सोल, म्हणजे चुकांचे संदेश दाखवणारी खिडकी, उघडायला सांगितला आणि तिथली लाल ओळ मोठ्याने वाचायला लावली. ‘नल’चे गुणधर्म वाचता येत नाहीत, अशा अर्थाचे ते वाक्य होते. त्यांनी विचारले, “नल म्हणजे इथे काय असेल?” मी म्हटले, बटण सापडले नसेल. “पण बटण तर पानावर दिसते आहे. मग कोडला ते का सापडले नाही?”

दहा मिनिटे मी चाचपडत होते आणि त्या शांतपणे थांबल्या होत्या. ब्राउझर फाइल वरून खाली वाचत येतो, माझी स्क्रिप्ट अगदी वर होती, म्हणजे ती चालली त्या क्षणी बटण अजून तयारच झालेले नव्हते, हे शेवटी माझ्याच तोंडून बाहेर पडले. मग त्यांनी सांगितले की वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेल्या स्क्रिप्टच्या टॅगमध्ये ‘डिफर’ हा शब्द लिहिला की पान पूर्ण वाचून होईपर्यंत ब्राउझर ती चालवत नाही. ती गोष्ट मी आजवर विसरलेले नाही. पहिल्या गृहस्थांनी दिलेली दुरुस्ती चुकीची नव्हती, पण त्यात मी कुठेच नव्हते.

म्हणून माझी सूचना अशी की पहिल्या भेटीला तुमच्या जुन्या क्लासमधला न चालणारा कोड मुद्दाम सोबत न्या, आणि त्या भेटीचे पैसे देण्याची तयारी ठेवा. फुकट तासाला कोणी मनापासून शिकवत नाही असे मी म्हणणार नाही, पण तासाचे पैसे दिले की नको म्हणताना आपल्याला संकोच वाटत नाही.

कोठे शोधावे याबद्दल: मला माझ्या शिक्षिका एचपीटी-आरवायके महाविद्यालयात शिकलेल्या एका मैत्रिणीच्या ओळखीतून मिळाल्या. के. के. वाघ, केटीएचएम किंवा सामनगावचे शासकीय तंत्रनिकेतन अशा ठिकाणच्या संगणक विभागात जाऊन, नोकरी करत असलेले आणि सायंकाळी शिकवू शकतील असे माजी विद्यार्थी कोणी आहेत का, हे विचारता येईल. खांबावरच्या जाहिरातींपेक्षा ही वाट मला भरवशाची वाटते. आणखी एक गोष्ट बाई म्हणून सांगते. पहिली भेट अनोळखी माणसाच्या घरी ठेवू नका. ऑनलाइन भेटा, किंवा घरातल्या कोणाला सोबत न्या. ऑनलाइन शिकवणीत काही कमी पडते असा माझा अनुभव नाही, मात्र पडदा तुमचा दिसला पाहिजे आणि टाइप तुम्ही केले पाहिजे.

सातपूरचा स्वयंशिक्षित

माझे मत थोडे वेगळे आहे. पहिले सहा आठवडे शिक्षक नसला तरी चालेल. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमातील अनेक धडे मराठी आवाजातही आहेत आणि ते विनामूल्य आहेत. फ्रीकोडकॅम्प या संकेतस्थळावर इंग्रजीतून लिहून पाहण्यासारखे पुष्कळ सराव आहेत. एवढ्या काळात फॉर्म, तक्ता आणि साधी सीएसएस येऊन जाईल. जिथे अडाल तिथला प्रश्न तारीख घालून वहीत लिहून ठेवा. मग शिक्षकाकडे जाताना तुमच्याजवळ वीस-पंचवीस खरे प्रश्न असतील, आणि पैसे त्या प्रश्नांवर खर्च होतील.

नाशिकरोडचा शिकवणीवाला

मी अकरा वर्षे नोकरी सांभाळून खासगी शिकवण्या घेत आलो आहे. सध्या नवीन विद्यार्थी घेत नसल्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

आधी व्यवहाराचे. फी तासावर ठरवावी आणि झालेल्या तासांचे पैसे महिनाअखेरीस द्यावेत. सहा महिन्यांचे पैसे एकदम मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा, कारण तुम्ही थांबलात तर त्याला काही फरक पडत नाही अशी ती व्यवस्था होते, आणि तो अनुभव तुम्ही घेतलेलाच आहे. तुमच्या रकमेत आठवड्याला दोन तास बसवायला हरकत नाही, परंतु दोन तासांच्या मध्ये रोज निदान पाऊण तास स्वतः लिहिणे घडले पाहिजे. वर सातपूरच्या गृहस्थांनी सांगितलेली वही मला फार आवडली. माझ्याकडे प्रश्न घेऊन येणारे विद्यार्थी आणि ‘आज काय शिकवणार’ असे विचारत येणारे विद्यार्थी यांच्यातला फरक दोन महिन्यांत दिसू लागतो. सहा आठवडे एकट्याने काढण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही. एकदा हिरमोड झालेल्या माणसाने पुन्हा एकटे पडू नये असे मला वाटते.

आता तुमच्या कामाबद्दल, कारण ते खरोखरच चांगले काम आहे. शिकणाऱ्यांपैकी बहुतेकांना काय बनवायचे हे ठाऊक नसते. तुमच्याकडे मात्र एक खरी गरज आहे आणि तिचे नियम तुम्हाला शिक्षकापेक्षा जास्त माहीत आहेत. म्हणून पहिल्याच भेटीत शिक्षकाला तुमची एक्सेल फाइल दाखवा, अर्थात नावे आणि दर काढून टाकून. ती पाहून त्याने चलान, माल आणि परत आलेले नग यांविषयी तुम्हाला प्रश्न विचारायला सुरुवात केली तर तो तुमच्या कामाचा माणूस आहे. ती बाजूला सारून तो ठरावीक अभ्यासक्रमाचा कागद काढू लागला तर दुसरा शोधा.

तुमच्या प्रणालीत नवख्याच्या हातून हमखास निसटणाऱ्या काही जागा आहेत. भेटीत यांतली एखादी गोष्ट सहज विचारून पाहा. ज्याने खरे काम केले आहे तो लगेच बोलू लागेल. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते, कारण संगणक हे अपूर्णांक द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत नेमके साठवू शकत नाही. त्यामुळे रकमांचा हिशेब पूर्ण संख्येत, म्हणजे रुपयांऐवजी पैशांत, ठेवावा लागतो आणि रुपये फक्त दाखवताना करावे लागतात. हिशेब सांभाळणाऱ्या व्यक्तीला याचे महत्त्व सांगायला नको.

तारखांचे त्याहून अवघड आहे. समजा २९ फेब्रुवारी २०२४ रोजी माल पाठवला. त्या तारखेत जावास्क्रिप्टने वर्षाचा आकडा एकाने वाढवला तर १ मार्च २०२५ ही तारीख मिळते; तीच तारीख माहिती साठवणाऱ्या मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये एक वर्ष पुढे नेली तर २८ फेब्रुवारी २०२५ मिळते. कलम १४३ ची मुदत दाखवणाऱ्या प्रणालीत पडद्यावर एक तारीख आणि अहवालात दुसरी असे झाले तर तुमचा त्या प्रणालीवरचा विश्वासच उडेल. मुदत कशी मोजायची हे तुमच्या कर सल्लागारांना विचारून ठरवा आणि ती एकाच ठिकाणी मोजा. मोल्ड, डाय, जिग, फिक्श्चर आणि टूल यांना ही परत येण्याची मुदत लागू होत नाही, तेव्हा मालाचा प्रकार ही नोंद पहिल्या दिवसापासून हवी. हे मुद्दे प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात सापडत नाहीत. ते तुमच्याकडून येणार आहेत.

तिसरी जागा मराठीची. गेटवरचा माणूस मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून ‘१२३’ असे लिहील आणि जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानणार नाही. देवनागरी अंक आधी बदलून घ्यावे लागतात. डेटाबेसमध्ये मराठी नावे बिनचूक राहण्यासाठी मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ८एमबी४ हा अक्षरसंच निवडावा, आणि पानाची भाषा मराठी असल्याचे एचटीएमएलमध्ये नमूद करावे, म्हणजे ते पान वाचून दाखवणारी साधनेही उच्चार नीट करतात.

क्रम विचाराल तर एचटीएमएलचा फॉर्म, सीएसएस, जावास्क्रिप्ट, मग ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात ते, मग डेटाबेस, असा घ्यावा. सर्व्हरसाठी तुमच्या बाबतीत मी पीएचपी ही भाषा सुचवीन. ती जुनी आहे म्हणून नाके मुरडणारे भेटतील, पण स्वस्तातल्या साध्या होस्टिंगवर (वेबसाइट ठेवण्याच्या भाड्याच्या जागेवर) ती विनासायास चालते. रिअ‍ॅक्ट २०१३ मध्ये आले आणि ते चांगले आहे, पण ते जावास्क्रिप्टवरच उभे आहे. पाया होईपर्यंत त्याचे नाव काढू नये. दुसरीकडे, पानाची मांडणी टेबल टॅगने शिकवणारा शिक्षकही टाळावा. मांडणीसाठीचा सीएसएस ग्रिड २०१७ पासून प्रमुख ब्राउझरमध्ये आहे आणि फ्लेक्सबॉक्स त्याच्याही आधीपासून. तुमच्या जुन्या क्लासच्या नोट्स काढून हे एकदा पाहा.

सुरक्षेबाबत मी कठोर आहे. फॉर्ममधला मजकूर जसाच्या तसा जोडून डेटाबेसची आज्ञा तयार करायला शिकवणारा माणूस तुम्हाला नुकसानाची सवय लावतो. प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे पाठवण्याची पद्धत, पहिल्या दिवसापासून शिकवले पाहिजे, आणि पासवर्ड कधीही उघडा साठवता कामा नये. पीएचपीमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे. मालकांची परवानगी मिळेपर्यंत कारखान्याची खरी माहिती इंटरनेटवर ठेवू नका. कार्यालयातल्या एका संगणकावर प्रणाली चालवून बाकीच्यांना आतल्या नेटवर्कवरून ती उघडू द्या, आणि रोजची प्रत वेगळ्या ठिकाणी काढून ठेवा.

हिशेबनीस, सिडको

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मी मनापासून आभारी आहे. जुन्या नोट्स काढून पाहिल्या. मांडणी टेबलनेच शिकवली होती. २९ फेब्रुवारीचा मुद्दा आमच्या कर सल्लागारांना विचारला आहे, आणि त्या तारखेची दोन चलाने माझ्या फाइलमध्ये खरोखरच निघाली.

एक शंका आहे. माझा भाचा म्हणतो की आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सांगाल तसा कोड लिहून देतात, तेव्हा शिक्षकावर खर्च कशाला करायचा. त्याचे म्हणणे मला पूर्ण खोडता येत नाही.

नाशिकरोडचा शिकवणीवाला

भाच्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ती साधने तुमच्या चलानाचा फॉर्म काही क्षणांत लिहून देतील, आणि तो बहुधा चालेलही. पण वरच्या दोन चलानांवर त्या कोडने कोणती तारीख दाखवली, आणि ती का, हे ओळखायला तो कोड वाचता यावा लागतो. पहिले तीन महिने त्यांच्याकडून कोड लिहवून घेऊ नका. न समजलेली ओळ समजावून घ्यायला वापरा आणि मिळालेले उत्तर शिक्षकाबरोबर तपासा. हा नियम शिक्षकाशी आधीच ठरवून घ्या.

इंदिरानगरची विद्यार्थिनी

याला माझी पूर्ण संमती आहे. मी स्वतः आज कामात ती साधने वापरते, पण त्यांनी दिलेल्या कोडमधली चूक मला दिसते ती कन्सोलची लाल ओळ मोठ्याने वाचण्याच्या सवयीमुळेच.

हिशेबनीस, सिडको

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण माझ्यासारखे आणखी कोणी हे वाचत असतील.

दोघांना भेटले. पहिले कॅनडा कॉर्नरजवळ शिकवतात. त्यांची तयारी उत्तम होती आणि बोलणेही स्पष्ट होते, पण माझी एक्सेल फाइल त्यांनी उघडलीच नाही. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाचा छापील कागद पुढे केला. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही, फक्त मला हवे होते ते तिथे नव्हते.

दुसऱ्या शिक्षिका पंचवटीत राहतात, एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतात आणि आठवड्यातून एक दिवस ऑनलाइन व रविवारी समोरासमोर शिकवतात. माझे यजमान पहिल्या भेटीला सोबत आले होते. मी जुन्या क्लासमधला न चालणारा फॉर्म उघडला. त्यांनी माउसला हात लावला नाही. “हा फॉर्म माहिती कोठे पाठवतो आहे, ते मला दाखवा,” एवढेच म्हणाल्या. शोधता शोधता लक्षात आले की फॉर्मच्या टॅगमध्ये लिहिलेले फाइलचे नाव आणि फोल्डरमधल्या फाइलचे नाव यांत एका अक्षराचा फरक होता. ती चूक वर्षभर तिथे होती आणि मी माझ्या अकलेला दोष देत होते. मला त्या वेळी भरून आले, हे लिहायला संकोच वाटत नाही.

त्यानंतर त्यांनी एक्सेल फाइल पाहिली आणि पाऊण तास मलाच प्रश्न विचारले: एका चलानावर दोन प्रकारचे नग असतात का, प्लेटिंगमध्ये खराब झालेला माल परत आला असे धरायचे का, वजनावर पाठवलेला माल नगांवर परत येतो तेव्हा काय करता. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला लगेच देता आले नाही, कारण आम्ही ते आजवर अंदाजानेच करत आलो आहोत.

फी तासावर ठरली आहे आणि ती महिनाअखेरीस द्यायची आहे. पहिला नियमित तास येत्या रविवारी सकाळी साडेनऊला आहे. त्याआधी संगणक न उघडता दहा खऱ्या चलानांचा प्रवास, माल कारखान्यातून निघाल्यापासून शेवटचा नग परत येईपर्यंत, कागदावर लिहून आणायला सांगितले आहे. आजपर्यंत सहा लिहून झाले आहेत.